शाफ्टचा व्यास ५० मिमीवरून ४० मिमी: ताण किती वाढवून धरावा?

प्रश्न: व्यास बदलतो त्या पायरीवर २ मिमी त्रिज्येची फिलेट (कोपऱ्याची गोलाई), बेंडिंग मोमेंट (शाफ्टला वाकवणारा भार) ३०० न्यूटन-मीटर. पायरीवर ताण किती पट होतो, तो गुणांक किती?

उत्तर १: नॉमिनल ताण (पायरीचा परिणाम न धरता) नेहमी लहान व्यासावरच काढा: ३२ × मोमेंट ÷ (π × ४०³), म्हणजे सुमारे ४८ मेगापास्कल. फिलेटची त्रिज्या भागिले लहान व्यास ०.०५, व्यासांचं गुणोत्तर १.२५, तक्त्यात बेंडिंगसाठी साधारण १.९ मिळतो. कमाल ताण ९१ मेगापास्कलच्या आसपास. टॉर्शनला (पिळाला) वेगळा तक्ता, तिथे साधारण १.६.

उत्तर २: तिथे ६२०८ बेअरिंग (४० मिमी भोकाचं बॉल बेअरिंग) बसणार असेल तर २ मिमी चालणारच नाही! त्याच्या कोपऱ्याची त्रिज्या किमान १.१ मिमी, म्हणून फिलेट १ मिमीपर्यंतच; नाहीतर बेअरिंग खांद्याला (पायरीच्या उभ्या बाजूला) टेकत नाही. मग गुणांक २.२ वर जातो.

उत्तर १: बरोबर. अशा वेळी मोठी फिलेट ठेवून खांदा आणि बेअरिंगच्या मध्ये आतून चॅम्फर केलेली (आतली कड तिरकी कापलेली) स्पेसर रिंग घाला. आणि फिलेटवर टूलचे ओरखडे अजिबात नकोत, फटिग क्रॅक (वारंवार भाराने पडणारी भेग) तिथूनच सुरू होतो.