हुळहुळणं जपानी डॉक्टरला कसं सांगायचं?

मंडळी, तोक्योत निशी-कसाईला राहतो. बायकोच्या हातापायांवर सारखं पित्त उठतंय म्हणून हिफुकात म्हणजे स्किनच्या दवाखान्यात जायचंय. इथे फॅमिली डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, थेट जाता येतं आणि विमा असला की तीस टक्केच आपल्या खिशातून, त्यामुळे ती काळजी नाही. मोन्शिन्ह्यो म्हणून फॉर्म देतात, कधीपासून होतंय, कुठल्या औषधाची अॅलर्जी आहे का वगैरे, तोही मोबाईलवर फोटो काढून भाषांतर करता येतो. गोची होते ती डॉक्टरसमोर. ते विचारतात हिरीहिरी होतंय का चिकुचिकु, आणि ॲप त्याचं काहीच्या काही करून दाखवतं. बायको म्हणते "हुळहुळतंय". याला जपानीत काय म्हणू?

———

आधी एक सांगतो, पित्त शब्दाचं भाषांतर करायला जाऊ नका. ॲपने पित्ताशयातलं पित्त करून टाकलं की डॉक्टर पोट दाबून बघत बसतील. सरळ "जिन्माशिन" म्हणा, अंगावर उठणाऱ्या पित्ताला तोच शब्द आहे आणि तिथली लहान पोरंसुद्धा तोच वापरतात. आणि गांधी उठल्या की लगेच फोटो काढून ठेवा, कारण त्या बहुतेक वेळा काही तासांत जिरतात आणि नंबर लागेपर्यंत हात एकदम साफ, मग दाखवणार काय?

बाकी जपानी डॉक्टरशी इंग्रजीतून बोलण्यापेक्षा मराठीतून विचार केलेला बरा पडतो असं माझं मत आहे. इंग्रजीत इचिंग आणि बर्निंग म्हटलं की आपला साठा संपला, पण मराठीत चरचरतं, चुरचुरतं, झोंबतं, ठणकतं हे सगळं वेगवेगळं आहे आणि जपानीतही तसंच आहे. मिरची लागल्यासारखं झोंबतं किंवा उन्हाने भाजून चरचरतं ते हिरीहिरी, लोकरीचा स्वेटर टोचतो ते चिकुचिकु, ठणका लागतो ते झुकीझुकी. नुसती खाज असेल तर कायुई. त्वचा कोरडी खरखरीत झाली की कासाकासा, चिघळून पाणी येतंय तर जिकुजिकु, बारीक पुरळ म्हणजे बुत्सुबुत्सु. हुळहुळणं म्हणजे मला वाटतं मुझुमुझु.

———

मुझुमुझु नाही हो दादा! मुझुमुझु म्हणजे अंगावर काहीतरी वळवळतंय, मुंगी फिरतेय असं वाटणं. हुळहुळणं वेगळं, खाजवून खाजवून कातडी नाजूक झाली की मग नुसता कपडा घासला तरी जे होतं ते हुळहुळणं. निदान आमच्या साताऱ्याकडे तरी हाच अर्थ. ते हिरीहिरीच्या जवळ जातं. वहिनींना एकदा नीट विचारा, आधी हुळहुळतं का खाजवल्यावर, कारण डॉक्टरला तेच हवं असतं.

———

थोडं अवांतर. चिखल्यांना जपानीत मिझुमुशी म्हणतात, शब्दशः पाणकिडा, आणि गजकर्णाला तामुशी, म्हणजे भातखाचरातला किडा. किडा बिडा काही नसतो, दोन्ही बुरशीच. आमच्या कोकणात लावणीच्या दिवसांत पायांच्या बोटांत होतात म्हणून त्या चिखल्या, त्यांच्याकडेही भातशेतीच, फक्त आपण दोष चिखलाला दिला आणि त्यांनी किड्याला. नागिणीचा मात्र तिकडच्या शब्दात साप नाही, पट्ट्यासारखे फोड असा अर्थ आहे, तेव्हा कोणाला नागीण झाली तर "साप" म्हणू नका प्लीज.

———

डॉक्टरचं झालं, आता औषधाच्या दुकानातलं ऐका. पाकिटावर "शोक्कान" लिहिलं असेल तर चिन्हं बघून जेवणाच्या मधेच घ्यायचं असं वाटतं, पण तो अर्थ नाही. दोन जेवणांच्या मधल्या वेळात, जेवून साधारण दोन तासांनी घ्यायचं. "शोकुगो" म्हणजे जेवणानंतर, "शोकुझेन" म्हणजे आधी. नुरीगुसुरी म्हणजे लावायचं औषध, नोमीगुसुरी पोटात घ्यायचं. ओकुसुरी तेच्यो नावाची छोटी वही मिळते, त्यात प्रत्येक औषधाची नोंद चिकटवतात, ती कायम पर्समध्ये ठेवा, पुढच्या डॉक्टरसमोर तोंड उघडायची गरजच पडत नाही.

———

सगळ्यांना धन्यवाद. बायकोला विचारलं, ती म्हणते आधी खाज सुटते आणि खाजवल्यावर हुळहुळतं, म्हणजे सातारकर बरोबर. आता कायुई आणि मग हिरीहिरी असं चिठ्ठीवरच लिहून नेतो. आणि "कंड" आणि "खाज" यात फरक काय हो? सासूबाई फोनवर कंडच म्हणतात, खाज म्हणायला लाजतात.