येरळेच्या पात्रात विहीर: पाणी उपसलं की तळाची वाळू उकळते. काय करावं?

येरळाकाठ (तासगाव)
पात्रात ८ फूट व्यासाच्या सिमेंटच्या रिंगा उतरवल्यात. बाहेर पाणी वाळूखाली २ फुटांवर, आत खोदाई १४ फुटांवर, रिंगेची धारही तिथंच. मोटर लावून आतलं पाणी आटवलं की तळाची वाळू भातासारखी रटरटते. जेवढी काढावी तेवढी परत भरते. ठेवलेलं घमेलं गडप झालं. माणूस गिळणारी वाळू म्हणतात ती हीच का? गवंडी म्हणतो डबर टाकून दाबू.

माती_पाणी
आधी मोटर बंद करा, आत कुणाला उतरवू नका, आणि डबर तर नकोच. मोठे दगड खाली जातील आणि त्यांच्या फटींतून वाळू वर येतच राहील.

वाळू भार पेलते ती दाण्यावर दाणा टेकलेला असतो म्हणून. पाण्याने भरलेल्या वाळूचं वजन घनमीटरला साधारण २ टन. पाण्याच्या तरंगशक्तीमुळे त्यातलं १ टन हलकं होतं, उरतं १ टन. आता तुम्ही आत पाणी आटवलंत, बाहेर ते १२ फूट उंच. ते रिंगेच्या धारेखालून वळसा घेऊन तळातून वर घुसतं. वर येताना वाळूच्या फुटामागे सुमारे १ फूट पाण्याचा दाब खर्च होत असेल, तर त्याचा रेटा त्या उरलेल्या वजनाएवढा होतो. दाणे एकमेकांवरून सुटतात आणि वाळूची ताकद शून्य. कुठल्याही साध्या वाळूचं असं होऊ शकतं. जाड वाळूत एवढा रेटा यायला प्रचंड पाणी वाहावं लागतं, बारीक वाळूत छोटी मोटरही पुरते.

गणितात मर्यादा फुटामागे १ फूट येते, पण तिथवर कुणी जात नाही. बंधाऱ्यांच्या पायासाठी अभियंता खोसला यांनी बारीक वाळूला १/६ ते १/७ एवढीच सूट दिली. धार तळाच्या ४ फूट खाली असेल तर त्यांच्या सूत्राने (थोडा दाब बाहेरून खाली उतरतानाही खर्च होतो) आत-बाहेर पाण्याचा फरक जेमतेम २ फूट चालतो. गोल विहिरीत चहूबाजूंनी पाणी आत गोळा होतं, म्हणून त्याहून कमीच धरा. तुमची धार तळाबरोबर आणि फरक १२ फूट. उकळणारच.

रिंगवाला
आधी सळई ठोकून मुरूम किती खोल आहे ते बघा. पाच-सहा फुटांत लागला तर धार मुरमात बसवा, निम्मं दुखणं तिथंच संपतं.

लागो वा न लागो, रिंग पाणी न उपसताच उतरवायची. उलट बाहेरून पाणी सोडून आतली पातळी १-२ फूट जास्त ठेवा, म्हणजे रेटा खालच्या दिशेने राहतो. वाळू ग्रॅबने (यारीच्या पंजाने) पाण्याखालूनच काढायची, मधूनच, कडेची उकरायची नाही. रिंगा खाली बसाव्यात म्हणून त्यांवर वाळूची पोती चहूबाजूंनी सारखी रचा, दर फुटाला ओळंबा लावा. धार १८ फुटांवर नेऊन थांबा.

मग आतल्या ४ फुटांत भर, मोटर बंदच ठेवून. खाली २ फूट स्वच्छ जाड वाळू, १ मिमीच्या आसपासची. त्यावर ५ मिमी ग्रिट (बारीक खडी) ९ इंच, वर २० मिमी खडी फूटभर. प्रत्येक थराचे दाणे खालच्या थराच्या दाण्यांच्या चार-पाच पट जाड, तरच वाळू अडते आणि पाणी येतं. थेट खडी ओतणं म्हणजे पैसे पाण्यात.

अजून एक. आत आलेली वाळू बाहेरच्या जमिनीखालून आलेली असते. तिथं पोकळी होते. पोकलेन आणि खडीचा ढीग काठापासून लांब ठेवा, नाहीतर रिंगच कलंडेल.

कृष्णाकाठ_सांगली
गिळण्याबद्दल. घमेलं लोखंडी, म्हणजे वाळू-पाण्याच्या मिश्रणापेक्षा जवळजवळ चौपट जड, ते जाणारच. माणसाची घनता पाण्याएवढी, मिश्रणाची दुप्पट. त्यामुळे उघड्या पात्रात तो कमरेच्या आसपास थांबतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या डॅनियल बॉन यांच्या गटाने २००५ मध्ये हेच दाखवलं. हलवलं की मिश्रण पातळ होतं, मग वाळू पायाभोवती घट्ट बसते. सेकंदाला १ सेंमी वेगाने पाय ओढायला सुमारे १ टनाचा जोर लागतो. म्हणून काखेत दोर बांधून ट्रॅक्टरने ओढणं हा मूर्खपणा आहे. मागे रेला, पाय बारीक हलवत भोवती पाणी शिरू द्या, एकेक पाय सोडवा. जमल्यास पायाशी पाइपने पाणी सोडा.

मरण येतं ते अडकल्यावर पाणी वाढलं की. कोयनेतून विसर्ग असताना कृष्णेच्या पात्रात हा धोका खरा. तुमच्या रिंगेत तर तळातून पाणी आणि वाळू, दोन्ही.

आणि कृष्णाकाठच्या काळ्या गाळात पाय रुततो तो प्रकार वेगळा. तिथं चिकणमाती धरून ठेवते, वर येणारं पाणी लागत नाही.

येरळाकाठ (तासगाव)
मुरूम १८ फुटांना लागतो. वाळू-खडीचा फिल्टर नीट बसला हे कळणार कसं?

रिंगवाला
पहिल्यांदा मोटर व्हॉल्व्ह थोडा उघडून चालवा, आतली पातळी १ फूटच खाली जाऊ द्या. सुरुवातीला गढूळ येईल. दर अर्ध्या तासाने बादली भरून ठेवा. तळाला वाळू बसायची थांबली की आणखी अर्धा फूट खाली. परत वाळू दिसली तर व्हॉल्व्ह आवळा, तीच तुमच्या विहिरीची मर्यादा.