वॅगनआरचा फॅन बेल्ट घरीच बदलायचाय, सल्ला हवा

निवांत_कोथरूड
गाडी 2012 ची वॅगनआर, के-10 पेट्रोल. पावसाळा लागल्यापासून सकाळी पहिला स्टार्ट मारला की कुईंऽऽ असा आवाज, अख्खी सोसायटी जागी होते. मिनिटभरात थांबतो. दिवे आणि मागची काच तापवायचं बटण एकदम लावलं की पुन्हा सुरू. बोनेट उघडून टॉर्च मारला तर बेल्टच्या आतल्या बाजूला आडव्या भेगा आणि एका कडेला सूत सुटलंय. गॅरेजवाला म्हणतो टायमिंगचं पूर्ण किट बदलून टाका. माझ्याकडे पान्ह्यांचा सेट आहे, जॅक आहे. घरी जमेल का? कुठला बेल्ट घ्यावा?

स्पॅनरवाला
टायमिंगचं किट? अहो, के-सीरिज इंजिनाला आतल्या झडपांची वेळ जुळवायला टायमिंग चेन असते, बेल्ट नसतोच. टायमिंग बेल्ट जुन्या मारुती 800 ला, ऑल्टो 800 ला. तिथे खरंच घरी हात घालू नये, खुणा एक दात जरी चुकल्या तरी इंजिनाची वाट लागू शकते. तुमचा बाहेरचा बेल्ट आहे, डायनामो (बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर) आणि वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारं कूलंट फिरवणारा) चालवणारा. त्या गॅरेजात पुन्हा जाऊ नका एवढंच म्हणतो.

सकाळीच का ओरडतो, तर स्टार्टरने खाल्लेला करंट भरून काढायला डायनामोवर लोड येतो, त्यात बेल्ट दमट. म्हणून घसरतो. इंजिन चालू असताना लांबूनच रिबांवर, म्हणजे बेल्टच्या आतल्या बाजूच्या लांब उभारांवर, थोडं पाणी शिंपडा, बाह्या आणि हात पंख्यापासून दूर ठेवून. आवाज वाढला तर बेल्ट ढिला. क्षणभर बंद होऊन परत आला तर पुल्या एका रेषेत नाहीत, मग नवा बेल्टही ओरडणार. बाजारात मिळणारा बेल्टचा स्प्रे मारू नका. आवाज दबतो, दुखणं तसंच राहतं.

पेठेतला_पार्टवाला
मारुतीचा ओरिजिनल घ्या किंवा गेट्स, कॉन्टिटेक, बॅन्डो यांपैकी कुठलाही. नाना पेठेत हवा तो मिळेल, पण जुन्या बेल्टच्या पाठीवरचा नंबर बघूनच जा. समजा 4पीके1015 लिहिलंय, तर 4 रिबा आणि लांबी 1015 मिलिमीटर. नंबर पुसला गेला असेल तर गाडीचा चॅसिस नंबर दाखवा. जुना बेल्ट मोजून लांबी काढू नका, तो ताणलेला असतो. आणि ईपीडीएम या कृत्रिम रबराचाच मागा. फक्त एक लक्षात ठेवा, ईपीडीएमला भेगा सहसा पडत नाहीत, रिबा नुसत्या झिजतात. त्यामुळे पुढच्या वेळी 'भेगा नाहीत म्हणजे चांगला' असं समजू नका.

निवांत_कोथरूड
पाणी शिंपडलं, आवाज वाढला. म्हणजे ढिलाच. बेल्टला ताण देणारा टेन्शनर वेगळा दिसत नाही, डायनामोच्या पट्टीतल्या लांबट भोकातच बोल्ट आहे.

स्पॅनरवाला
मग सोपं. गाडी थंड, किल्ली खिशात, बॅटरीची मायनस वायर आधी काढा. डायनामोच्या जाड वायरीत किल्ली बंद असली तरी बॅटरीचा करंट असतो, पान्हा तिथे आणि बॉडीला एकदम टेकला की ठिणगीच. बेल्ट कसा गुंडाळलाय त्याचा फोटो काढा. एसीचा वेगळा बेल्ट पुढे आडवा येत असेल तर तो आधी काढावा लागेल. पुढचं उजवं चाक उचलणार असाल तर जॅकवर विसंबू नका, स्टँड लावा.

डायनामोचे वरचा आणि खालचा दोन्ही बोल्ट ढिले करा, डायनामो इंजिनाकडे ढकला, बेल्ट निघेल. तो निघाला की घाई नको. प्रत्येक पुली हाताने फिरवा. खरखर लागली किंवा हलली तर बेअरिंग गेलंय, नवा बेल्ट घालून काही उपयोग नाही. वॉटर पंपाखाली कूलंटचा ओघळ आहे का, वरून ऑइल गळतंय का तेही बघा. ऑइलने भिजलेला बेल्ट नवा असूनही टिकत नाही.

नवा चढवल्यावर प्रत्येक पुलीच्या खाचेत रिबा नीट बसल्यात का ते बोट फिरवून पाहा. एक खाच बाजूला बसणं ही नेहमीची भानगड. ताण देताना टॉमी (लोखंडी पहार) डायनामोच्या जाड भागाला टेकवा, मागच्या पातळ झाकणाला नको, तडकतं. सगळी कला ताणातच आहे. दोन पुल्यांच्या मध्ये अंगठ्याने जोरात दाबून साधारण सेंटिमीटरभर झुकला की ठीक, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये बघा. आवाजाच्या भीतीने लोक तारेसारखा ताणतात, मग डायनामोचं आणि पंपाचं बेअरिंग बोंबलतं.

घाटवाट
वेगळं मत. शेजारी दुसरी गाडी नसेल तर एकट्याने रविवारी हे उघडू नका. बोल्ट गंजून अडकला तर सोमवारी ऑफिसला जाणार कसे? आदल्या दिवशी बोल्टवर गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. आणि तोवर ताम्हिणी घाटात वगैरे जाऊ नका. हा बेल्ट तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतोच, पण वॉटर पंपही थांबतो आणि इंजिन तापतं. दिवा दिसला की 'पुढच्या पेट्रोल पंपापर्यंत जाऊ' असा विचार नको, तिथेच कडेला घ्या, नाहीतर हेड गॅस्केटवर (इंजिनाच्या वरच्या भागाखालचं सील) येतं.

निवांत_कोथरूड
तेल शनिवारी मारतो. भावाची गाडी आहे जोडीला. नवा बसवल्यावर परत ताण बघावा लागतो का?

स्पॅनरवाला
हो. पाचेक मिनिटं इंजिन चालवा, बंद करा, थंड झालं की परत दाबून बघा, नवा बेल्ट थोडा बसतो. आठवड्याने आणखी एकदा.

पेठेतला_पार्टवाला
जुना बेल्ट स्पेअर म्हणून डिकीत ठेवायला सांगणारे भेटतील. सूत सुटलेला कशाला ठेवता? टाकून द्या, लांबच्या प्रवासाला जात असाल तर नवाच एक जादा घ्या.