सोळाव्या वर्षीचं लायसन्स आणि स्कूटी
कुणीतरी विचारलंय, ‘सोळा पूर्ण झाले की लायसन्स मिळतं, मग मुलीला क्लासला स्कूटी द्यायला काय हरकत?’ मिळतं हो, पण फक्त ५० सीसीपर्यंतच्या विनागिअर गाडीचं, तेही पालकांच्या संमतीने. सात रस्ता चौकात क्लास सुटल्यावर ट्रिपल सीट सुसाट निघतात त्या बहुतेक ११०-१२५ सीसीच्या! त्यांना १८ पूर्णच लागतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अठराखालच्या पोरानं या कायद्याखाली काही गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. शिवाय पोराला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. काकाची गाडी मागून नेणाऱ्यांनी हे काकाला आधी सांगावं. अगदीच नड असेल तर २५० वॉटची, ताशी २५ किमीवाली ई-बाईक बघा, तिला लायसन्स लागत नाही. पोरं नाक मुरडतील ते वेगळं.