चोरबीटी (मंजुरी नसलेली, चोरून विकली जाणारी कपाशी) लावू द्यायची का? भाऊ ऐकत नाहीये

काटोलची लेक

माझं माहेर काटोल तालुक्यात. मी नागपूरला मानेवाड्यात राहते. रविवारी घरी गेले तर छपरीत कपाशीची चार पाकिटं दिसली. चकचकीत, पण कंपनीचं नाव नाही, लॉट नंबर नाही, किंमत नाही. भावाने गावातल्याच एकाकडून बाराशेला एक अशी घेतली. कृषी केंद्रात मंजुरी असलेल्या बीटी कपाशीचं, बीजी-२ चं पाकीट २०२५ मध्ये ९०१ रुपयांना होतं. बिलाचं विचारलं तर म्हणतो, "चोरबीटीचं बिल असते का ताई?"

त्याचंही खोटं नाही. मागच्या जुलैत झड लागली, डवरा (तण काढायचं औत) वावरात जाईना. निंदायला बाया मिळेनात, मिळाल्या त्या साडेतीनशे रोजाने. तण पऱ्हाटीच्या वर गेलं. आईने या वयात कमरेत वाकून निंदलं, तिची बोटं अजून आखडतात. या बियाण्यावर तणनाशक मारलं तरी पीक उभं राहतं, म्हणून त्याला तेच हवंय.

बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली, मग याला का नाही? आणि त्या तणनाशकाने कॅन्सर होतो म्हणतात, ते खरं का? माहिती असेल त्यांनीच सांगा, पेरणी तोंडावर आहे.

निवृत्त कृषी सहायक

बेटा, बीटीतलं जनुक बोंडअळीसाठी असतं. यात त्याशिवाय ग्लायफोसेट हे तणनाशक सहन करणारं जनुक टाकलेलं आहे. अशा वाणाच्या मंजुरीसाठी महिको या बियाणे कंपनीने अर्ज केला होता, तो २०१६ मध्ये मागे घेतला. त्यामुळे जीईएसीची, म्हणजे असे वाण तपासणाऱ्या केंद्राच्या समितीची मंजुरी त्याला कधी मिळालीच नाही. धोकादायक ठरवून नाकारलं असं नाही, आणि तपासून सुरक्षित ठरवलं असंही नाही. तपासणीच पुरी झाली नाही, आणि मला त्याचीच चिंता वाटते.

कॅन्सरचं म्हणशील तर जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं. युरोप-अमेरिकेच्या नियामक संस्थांना ते पटलं नाही. आपल्या सरकारने २०२२ मध्ये ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरावं असा आदेश काढला. भाऊ पंप पाठीवर घेऊन उघड्या अंगाने फवारणार असेल तर त्याला आधी थांबव. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीतून माणसं गेली. ती कीटकनाशकं होती, पण उघड्या अंगाने पंप मारायची सवय तीच आहे.

एक गोष्ट मनाला लागून राहिली आहे. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम साध्या सरकीची पुडी यायची. ती धुऱ्याकडच्या (बांधाकडच्या) ओळींत लावायची, म्हणजे अळीला बीटी पचवायची सवय लवकर लागत नाही. लोक ती पुडी फेकून द्यायचे. मी पाहायचो, आणि जेवढं बोलायला हवं होतं तेवढं बोललो नाही. २०१७ मध्ये एका वावरात डोमकळी तोडली. पाकळ्या टोकाशी चिकटून गुलाबासारख्या मिटलेल्या. उकलून पाहिलं तर आत गुलाबी अळी, बीजी-२ च्याच झाडावर. चोरबीटीच्या पाकिटात साधं बियाणं आहे की नाही, बीटीचं जनुक तरी पुरं आहे की नाही, हे कोण सांगणार?

वावरवाला, हिंगणा

ताई, म्या दोन वर्सं लावली. पहिल्या साली झकास. दुसऱ्या साली फवारलं, अन् आठ दिवसांत तिसरा हिस्सा झाडं शेंड्यापासून पिवळी पडत गेली. पाकिटात साधं बियाणं मिसळलं होतं. बिल नाही, टॅग नाही, त तालुक्याच्या कमिटीकडे तक्रार तरी कशाच्या आधारावर करू? इकणारा म्हने, तुमचंच औषध जास्त झालं.

पण २०१९ मध्ये अकोल्याच्या अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी उघड पेरणी केली, ते काहून केली हेही समजून घ्या. निंदणाचा खर्च आमच्या गळ्याशी आला हाय. मंजुरी देता त द्या, नाही त नाही म्हना, पण या अधांतरी बाजारात आम्हाले सोडू नका.

धंतोली

बीटी वांग्यावर जानेवारी २०१० मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश नागपुरात जनसुनावणीला आले होते. ९ फेब्रुवारीला त्यांनी त्या वांग्याला स्थगिती दिली. तो निर्णय बरोबर की चूक यावर वाद करा, पण शास्त्रज्ञ आणि शेतकरी एका सभागृहात समोरासमोर बोलले. एचटीबीटीवरही, म्हणजे या तणनाशक सहन करणाऱ्या कपाशीवरही अशी उघड सुनावणी विदर्भात झाली पाहिजे. कापूस संशोधन संस्था आपल्याच शहरात आहे.

काटोलची लेक

सगळ्यांचे आभार. भावाला फोनवर वाचून दाखवलं. पिवळ्या पडलेल्या झाडांचं ऐकून तो बराच वेळ काही बोलला नाही. तीन एकरात दुकानातलं बियाणं बिलासकट लावायला तयार झालाय. ती चार पाकिटं मात्र फेकणार नाही म्हणतो, पैसे गेलेत. आईने ती कोठीत ठेवली आहेत. आमच्या धुऱ्याला लागून काकांची तूर आहे, वाऱ्याने औषध तिकडे गेलं तर ती जळेल, हे आईनेच त्याला सांगितलं.

कृषी सहायक काका, बियाण्यात कोणतं जनुक आहे हे पट्टीवर तपासता येतं असं ऐकलंय. आपल्याकडे ती तपासणी कोण करून देईल? परवा पुन्हा काटोलला जातेय, येताना मूठभर सरकी घेऊन येईन.