‘खेळण्याच्या दुकानातलं रंगकाम’ म्हणणाऱ्याला

गोदाकाठचा_ड्वार्फ:
परवा एकाने इथे टेबलावरच्या युद्धखेळातल्या आपल्या मिनींचे (बोटभर पुतळ्यांचे), सांगाड्यांच्या एका पलटणीचे फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "एका हातात सावलीही पाडणारे कॉन्ट्रास्ट रंग आणि एअरब्रश असताना अजून लेयर चढवत बसणाऱ्यांची कीव येते. नव्वदच्या दशकातलं ते लाल-हिरवं रंगकाम खेळण्याच्या दुकानातलं वाटतं." दोन दिवस गप्प बसलो. आता राहवत नाही.

मामाने इंग्लंडहून आणलेला धातूचा एक ड्वार्फ (दाढीवाला बुटका योद्धा) आहे माझ्याकडे. तळहातावर घेतला की वजन जाणवतं. त्याची दाढी मी चार थरांत रंगवलीय. खाली तपकिरी, वर गडद नारिंगी, मग नारिंगी, आणि शेवटी फक्त बटांच्या टोकांना पिवळट रेघ. कुऱ्हाडीच्या धारेला एज हायलाइट, म्हणजे फिकी बारीक रेघ. पायाखालचा बेस काठासकट गोब्लिन ग्रीन, हिरवागार. टेबलावर हातभर अंतरावरून कळतं की हा ड्वार्फ आहे आणि भडकलेला आहे. तुमचे झटपट स्लॅपचॉप पद्धतीचे सांगाडे म्हणजे रंगपंचमीला रहाडीच्या रंगहौदात बुडवून काढलेली पोरं. कोण कुठला, आईलासुद्धा ओळखू येणार नाही.

आणि ते एनएमएम, नॉन-मेटॅलिक मेटल. धातूचा रंग न वापरता चकाकी रंगवायची, कसब आहे, मान्य. पण ती चकाकी एकाच कोनातून खरी. मिनी वळवली की तलवारीवरचं ऊन भलतीकडून येतं. खेळात मिनी दर डावाला वळणार, मग कायमचं एका बाजूचं ऊन कशाला?

स्लॅपचॉप_सिडको:
तो "एकाने" म्हणजे मी. नाव घ्यायला लाज वाटली का?

अंबडला शिफ्टमध्ये काम करतो. रात्री साडेदहानंतर तासभर मिळतो. स्लॅपचॉप म्हणजे काळा प्रायमर (अस्तर), त्यावर करड्याचा ड्रायब्रश (कोरड्या ब्रशचा हात), मग पांढऱ्याचा, वरून कॉन्ट्रास्ट. तीन रविवारांत चाळीस सांगाडे उभे केले. तुझी फौज किती झाली भाऊ? गेल्या वर्षी खेळायला आलास तेव्हा निम्मे गडी बिनरंगाचे, नागडेच होते.

आणि हातभर अंतर कसलं सांगतोस? ती चमक तू आधी मिनी बनवणाऱ्या गेम्स वर्कशॉप कंपनीच्या व्हाइट ड्वार्फ मासिकाच्या पानांवर पाहिलीस, टेबलावर नाही. म्हणजे तुझंही प्रेम फोटोवरच.

पंचवटीकर_काका:
दोघांचंही चुकतंय. जुनी शैली म्हणजे फक्त लाल-हिरवी? चित्रकार जॉन ब्लँश त्याच काळात, त्याच कंपनीत मळकट तपकिरी रंगांत काम करत होता. तुम्ही आज ग्रिमडार्क, म्हणजे काळपट-मळकट शैली, म्हणून नाचवता ते तिथूनच आलंय.

आणि एअरब्रशवाल्यांनी फार छाती फुगवू नये. आमचा गणपतीचा कारखाना होता. मूर्तीच्या अंगाला स्प्रे गन कधीच आली, पण डोळ्यांची आखणी हातानेच. वडील श्वास रोखून एका फटक्यात भुवई ओढायचे. आखणी बिघडली की मूर्ती मागच्या फळीवर. मिनीचंही तेच. आधी डोळे दाखवा, मग बोला.

स्लॅपचॉप_सिडको:
काका, सांगाड्यांना डोळे नसतात.

शाडूमाती:
आखणीचं निघालंच आहे म्हणून सांगते. आता डोळ्यांभोवती खडे चिकटवतात, आखणी बघतंय कोण? आणि काकांचा कारखाना शाडूचा होता की पीओपीचा? ते सोयीस्कर गाळलंत.

पंचवटीकर_काका:
दोन्हींचा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली पीओपी नको म्हटलं, त्याच्या कितीतरी आधी आम्ही शाडू करत होतो. रिक्षात शाडूच्या मूर्तीचा हात मोडला की गिऱ्हाईक पैसे परत मागायला आमच्या दारात. तुम्ही पर्यावरणवाले तेव्हा कुठे असता?

शाडूमाती:
हात मोडतो कारण घाईत वाळवलेला असतो. आमच्याकडे दरवर्षी घरीच मूर्ती करतो, एकदाही मोडली नाही.

पंचवटीकर_काका:
घरची वीतभर मूर्ती आणि कारखान्यातल्या तीनशे मूर्ती एकच का? बाई, पावसाळ्यात तीनशे मूर्ती वाळवून दाखवा, मी तुमच्याकडे पाणी भरतो.

गोदाकाठचा_ड्वार्फ:
अहो, धागा मिनिएचरचा आहे!

पावसाळ्यावरून आठवलं. निम्मे गडी नागडे का, ते ऐक. ऑगस्टमध्ये गॅलरीत स्प्रे मारला. बाहेर रिपरिप चालू. दमट हवेत प्रायमर भुरभुरीत बसला, चेहऱ्यावरून बोट फिरवलं तर सँडपेपर. वीस मिनी घासून काढण्यात दिवाळी गेली. त्यात हसण्यासारखं काही नाही.

आणि हो, कॉन्ट्रास्ट २०१९ ला आलं तेव्हा मीही एक बाटली घेतली होती. बरगड्यांवर बरं दिसतं. रंग फटीत साचतो, उंचवट्यावर विरळ होतो, सावली आपोआप पडते. झालं समाधान? पण सपाट ढालीवर डबकी साचून डाग पडतात, ते तुझ्या फोटोत तू बरोबर कापलेत.

स्लॅपचॉप_सिडको:
डाग नाहीत, गंज आहे तो.

बरं, पावसात स्प्रे कशाला मारतोस? ब्रशने लावायचा प्रायमर. हातकामाचा एवढा अभिमान ना तुला?

गोदाकाठचा_ड्वार्फ:
रविवारी ये. "गंजलेली" ढाल घेऊन ये. ड्वार्फ बघायला मिळेल, हात लावायचा नाही.

शाडूमाती:
काका, मूर्ती उन्हात वाळवायचात की सावलीत, ते अजून सांगितलं नाहीत.