मदत पाह्यजे : जुने बॅटरीवाले फवारणी पंप खोलाचे हायत, सुरुवात कुठून करू?

कास्तकार_आर्णी : राजेहो, बंद पडलेले फवारणी पंप भंगारात घेतले. चांगले भाग काढून त्यातून चालणारे पंप जुळवाचे हायत. दोन पोरं लावली तं दिवसभरात सगळं विस्कटून ठेवलं, कोणता स्क्रू कोणाचा समजत नाही. आधी काय काढू, मंग काय, तेवढं सांगा. सोमवारी पोरं परत येतात.

वणीचा_भाऊ : किती नग? एकाच कंपनीचे का?

दर्यापूर८८ : बॅटरी शिशाची का लिथियमची?

कास्तकार_आर्णी : ४० नग, १६ लिटरवाले. बॅटरी शिशाची, काळ्या डब्याची, १२ व्होल्ट ८ एएच. कंपन्या तीन-चार. क्रम सांगा ना बाप्पा.

रिवाइंडिंगवाला : खोलायचा क्रम नंतर, आधी तपासा. खालचा बेस काढा, चांगली बॅटरी घ्या, मोटारीला सरळ जोडा. फिरली तर मोटारीला हात लावू नका. पंप दिवाळीनंतर कोठ्यात पडतो तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत. शिशाची बॅटरी उतरलेली राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं, मग ती चार्ज घेत नाही. लोक म्हणतात पंप गेला! चांगल्या बॅटरीवरही बटणानं चालत नाही, सरळ जोडल्यावर चालतो, तर बटण, रेग्युलेटर नाहीतर प्रेशर स्विच (दाब वाढला की मोटार थांबवणारा) खराब. फिरतो पण पाणी ओढत नाही, तर झडपेत पावडर अडकली. फिरलाच नाही तोच पुरता खोला, सुटे भाग त्यातूनच काढा. स्क्रू त्याच पंपाच्या डबीत.

भंगार_बरं : एवढी मेहनत कायले? बॅटऱ्या फोडा, शिसं किलोवर विका.

रिवाइंडिंगवाला : फोडू नका हो, आत गंधकाचं आम्ल असतं. अख्खी बॅटरी दुकानात द्या, नवीनवर पैसे कमी करतात. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे.

दर्यापूर८८ : मी तं लिथियम टाकली. पाठ हलकी झाली, चार्जर जुनाच.

रिवाइंडिंगवाला : तीन सेलचा पॅक १२.६ व्होल्टला भरतो, शिशाचा चार्जर १४ च्या वर जातो. जास्त चार्ज थांबवणारी आतली सर्किट पट्टी गेली की पेटेल.

दर्यापूर८८ : दोन हंगाम झाले, काही नाही झालं.

रिवाइंडिंगवाला : मग तिसऱ्याला घराबाहेर चार्ज करा.

दिग्रसची_ताई : पंप धुतले का आधी? २०१७ मध्ये आपल्याच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. पोरांच्या हातात मोजे आहेत का?

बुलढाणेकर : महाडीबीटीवर नवीन पंपासाठी अर्ज टाका ना.

वणीचा_भाऊ : कोणी विचारलं?

कास्तकार_आर्णी : धुतले नव्हते ताई. एकाच्या हाताले खाज सुटली, काम थांबवलं. मोजे आणले, धुतलं, मंग आज १० तपासले. ६ फिरले! पण अजून न तपासलेल्यांचे बेसचे स्क्रू गंजले, डोकी घासली. गरम करू का?

रिवाइंडिंगवाला : अजिबात नाही, टाकी प्लास्टिकची, वर औषधाचा अंश. रात्रभर तेल सोडून ठेवा, नाही सुटला तर डोकं ड्रिल करा.

भंगार_बरं : टाक्या उरल्या तं सांगा, ढोरायले पाणी ठेवतो.

दिग्रसची_ताई : अहो, नका!